कागद अडकतो तिथेच हात भाजतो

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रवेशाच्या गर्दीची बातमी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात आली. सोबत तहसील कार्यालयाबाहेरच्या एका झेरॉक्स दुकानाचं छायाचित्र होतं. वाचकांनी रांग पाहिली असेल, माझी नजर मागच्या यंत्रावर गेली. पुढचं झाकण सताड उघडं, आतली हिरवी मूठ दिसतेय आणि ट्रेमध्ये कागद पडतोय. झाकण उघडं असताना हे यंत्र चालायलाच नको. तरी चालतंय, म्हणजे झाकणाच्या खाचेतला स्विच कुणीतरी काहीतरी खुपसून दाबून ठेवलाय.

त्या दुकानदाराला बोल लावायला हे पत्र लिहीत नाही. मी चिपळूण भागात झेरॉक्स यंत्रं आणि प्रिंटर दुरुस्त करतो. ही खाच मला अनोळखी नाही. कधी तीत रिफिलची तोडलेली कांडी असते, कधी आगकाडी, कधी चौघडी घातलेलं व्हिजिटिंग कार्ड. मी काढतो, समजावतो. पुढच्या खेपेला ते पुन्हा तिथेच असतं. एका सरकारी कार्यालयात तर त्यावर सेलोटेपही व्यवस्थित लावलेली होती, कडा नखाने दाबून.

हा स्विच दिसायला क्षुल्लक. झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची एक जीभ असते. झाकण लागलं की ती खाचेत शिरते, आतली पत्ती दाबली जाते आणि मोटारींना जाणारा २४ व्होल्टचा पुरवठा जोडला जातो. झाकण उघडलं की तो तुटतो. मग रोलर थांबतात, ड्रमला (ज्यावर आधी छपाईचं चित्र उमटतं तो गोल नळा) भारित करणारा हजाराच्या वरचा व्होल्टेज थांबतो, लेझर बंद होतो. बहुतेक यंत्रांतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो चालू आहे की बंद हे बघून कळायची सोय नाही. यंत्राच्या पाठीवर ‘वर्ग १’ असं लेझरचं लेबल असतं, म्हणजे निर्धोक. पण सगळी झाकणं आणि स्विच जागेवर आहेत असं धरूनच ते दिलेलं असतं. खाचेत कांडी गेली की त्या लेबलला अर्थ राहत नाही.

लोक बेफिकीर असतात म्हणून हे होतं, असं म्हणून विषय संपवता येईल. माझा अनुभव वेगळा आहे. ज्या यंत्रात कागद अडकत नाही त्याचं झाकण उघडं ठेवायची कुणालाच हौस नसते. जे दर पंधरा-वीस कागदांनी थांबतं, अडकलेला कागद सहजी देत नाही आणि झाकण लावल्यावर पुन्हा तापायला मिनिटभर घेतं, त्याचाच स्विच बांधला जातो. समोर वीस पोरं अर्ज घेऊन उभी असताना ते मिनिट फार मोठं असतं. म्हणून ‘कागद अडकणे’ ही कटकट आणि ‘सुरक्षितता’ हा सूचनाफलकाचा विषय, अशी जी विभागणी खरेदी करणारे, विकणारे आणि वापरणारे सगळेच करतात ती मला मान्य नाही. कागदाचा रस्ता वाईट आखला की हात आत जाणारच.

आपल्या कोकणात तर प्रवेशाचा हंगाम आणि पाऊस एकदमच येतात. झेरॉक्सचा कागद कारखान्यातून निघतो तेव्हा त्यात साधारण चार-पाच टक्के ओलावा असतो आणि रिमचं वेष्टन तो तसाच टिकावा म्हणून मेणचट केलेलं असतं. दुकानात वेष्टन सकाळी फाडतात आणि रिम दिवसभर काउंटरवर उघडी. कडा हवेतलं पाणी आधी पितात, मधला भाग कोरडा राहतो, आणि कागदाचे काठ लाटांसारखे होतात. हा कागद फ्यूजरमधून, म्हणजे छपाईची भुकटी (टोनर) वितळवून कागदाला चिकटवणाऱ्या तापलेल्या भागातून, जाताना ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो. ‘मशीनमधून धूर येतोय’ म्हणून जुलैत मला जे फोन येतात त्यांतले बरेचसे या वाफेचे असतात. चांगल्या यंत्रात फ्यूजरनंतरची पट्टी सपाट नसते, तिला उभ्या धारा असतात. वाफ त्यांच्यामधून निघून जाते आणि ओला कागद पत्र्याला चिकटत नाही. ही एवढीशी गोष्ट स्वस्त यंत्रात गाळलेली असली की पावसाळाभर कागदाची चुणी तिथेच पडते.

सुरुवातीपासून बघू. कॅसेटमधला, म्हणजे कागद ठेवायच्या खणातला, वरचा कागद पिकअप रबर ओढतं, आणि त्याच्याबरोबर दुसरा येऊ नये म्हणून खाली सेपरेशन पॅड असतो. सगळा खेळ घर्षणाच्या उतरंडीचा आहे. रबर आणि कागद यांतलं घर्षण सर्वांत जास्त, पॅड आणि कागद यांतलं त्याहून कमी, कागदाचं कागदाशी सर्वांत कमी. हा क्रम टिकला तर एकच कागद पुढे जातो. ओलाव्याने कागद एकमेकांना धरून बसतात, वर रबर गुळगुळीत झालेलं असतं, आणि ‘दोन-दोन ओढतोय’ ही तक्रार सुरू होते. गिऱ्हाईक म्हणतं टोनर खराब. टोनरचा इथे काडीचा संबंध नाही.

पुढे कागद मुद्दाम थांबवलेल्या रोलरच्या जोडीवर आपटतो, किंचित फुगतो, त्याची पुढची कड सरळ होते आणि मगच रोलर त्याला आत घेतात. छापण्याआधी जो बारीक ‘टक्’ आवाज येतो तो यांचा. मग ड्रम. लहान यंत्रांत ड्रम बारीक ठेवलेला असतो, कारण कागदाला इतकं तीव्र वळण घेता येत नाही आणि तो आपल्याच ताठपणाने ड्रमपासून सुटतो. गंमत अशी की इथे जो ताठपणा उपयोगी पडतो तोच खालच्या कॅसेटमधून वर येताना १८० अंशांच्या वळणात आडवा येतो. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) कागद निमूट वळतो. जाडी दुप्पट झाली तर ताठपणा जवळजवळ आठपट होतो. निमंत्रणपत्रिकेचा जाड कागद कॅसेटमध्ये घालणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

इथे स्टॅम्प पेपरचं सांगायलाच हवं. ऑक्टोबर २०२४ पासून प्रतिज्ञापत्रं, करारनामे शंभरऐवजी पाचशेच्या मुद्रांकावर आले. (साध्या शासकीय दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक लागत नाही, हे अजूनही लोकांना ठाऊक नसतं, तो वेगळा विषय.) स्टॅम्प पेपर जाड, लांब, आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून तीन घड्या होऊन आलेला. वळणात घडीची कड पट्टीला अडते आणि पाचशे रुपये फ्यूजरच्या तोंडाशी चुरगळतात. ते भरून कोण देणार, यावर दुकानात भांडण. मग टायपिंगवाला पुढच्या वेळी झाकण उघडंच ठेवतो, अडकतोय असं दिसलं की झडप घालून ओढता यावा म्हणून. स्विच बांधण्याचं हे कारण मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता विचारतही नाही.

वास्तविक त्या टेबलावरच्या प्रिंटरला बहुधा पुढे हाताने कागद घालायचा बायपास ट्रे असतो आणि पाठीमागे एक फळी असते. ती फळी उघडली की कागद वर न वळता सरळ मागे बाहेर पडतो. बायपासमधून घातलेला आणि मागच्या फळीतून काढलेला कागद जवळपास सरळ रेषेत जातो. पण प्रिंटर भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. ती फळी घेतल्या दिवसापासून कुणी उघडलेली नसते. कधी कधी तिच्यात कोळ्याचं जाळं सापडतं.

आता चांगला रस्ता कसा असतो ते सांगतो, कारण तो मी रोज हाताळतो. मोठ्या यंत्रांतल्या काहींमध्ये कागद उजव्या बाजूने उभा वर चढतो: खाली कॅसेट, मध्ये ड्रम, वर फ्यूजर, आणि वरूनच बाहेर. उजवा दरवाजा उघडला की हा सगळा रस्ता पुस्तकासारखा उघडतो. कागद कुठेही अडकलेला असो, तो समोर दिसतो आणि दोन्ही हातांनी सरळ धरून काढता येतो. पण खरी हुशारी पुढे आहे. रोलर जोडीने काम करतात, आणि अशा यंत्रात जोडीतले अर्धे रोलर त्या दरवाज्यावरच बसवलेले असतात. दरवाजा उघडा असेल तर कागदाला धरणारा दुसरा रोलरच जागेवर नसतो. तुम्ही स्विचच्या खाचेत खुशाल कांडी घाला, कागद पुढे सरकणारच नाही. काम करून घ्यायचं तर दरवाजा लावावाच लागतो. फलक नाही, दटावणी नाही. ज्या कुणा अभियंत्याने हे ठरवलं त्याने माणूस ओळखला होता.

याच्या उलट छायाचित्रातल्यासारखी जुनी यंत्रं. पुढचं झाकण उघडं असलं तरी रस्ता शाबूत, म्हणून स्विच फसवला की सगळं चालतं. शिवाय कागद खोल आत अडकतो. आधी हिरवी मूठ फिरवायची, मग आतला कप्पा ओढायचा, मग चाक फिरवत कागद पुढे काढायचा. या मुठी हिरव्या किंवा निळ्या असतात त्या शोभेला नव्हे, ‘इथे हात लावला तर चालेल’ असं त्यांचं सांगणं असतं. ज्याला असा रंग नाही त्याला हात लावू नये. पण पुराने हा हिशेबच मोडला. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, दुकानांतली यंत्रं चिखलाने भरली, आणि नंतर ज्याला जे जुनं, परदेशात वापरून झालेलं यंत्र परवडलं ते त्याने आणलं. त्यांतल्या कित्येकांच्या झाकणाआतली कागद काढायची चित्रं पुसलेली आहेत, कुठे मूठच तुटलेली आहे आणि तिच्या जागी पक्कड ठेवलेली आहे.

भाजण्याचं ठिकाण एकच, फ्यूजर. टोनर म्हणजे रंगीत प्लास्टिकची भुकटी, ती वितळून कागदाला चिकटावी म्हणून तिथे साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमान असतं. झाकण उघडल्यावर मोटर त्या क्षणी थांबते, उष्णता थांबत नाही. धातूचा तो भाग कित्येक मिनिटं तापलेलाच राहतो. म्हणून तिथे दुसरं आतलं झाकण किंवा फासळ्यांची जाळी असते आणि तीन नागमोडी रेघांचा त्रिकोण छापलेला असतो. झेरॉक्सवाल्या मुला-मुलींचे हात बघा. मनगटाच्या वर, कोपराकडे जाणारी काळपट आडवी रेघ बऱ्याच जणांना असते. आतल्या झाकणाच्या कडेवर हात टेकून खोलवरचा कागद ओढल्याची ती खूण. बोटं कुणी भाजून घेत नाही, लक्ष बोटांवर असतं. भाजतो तो हात. गरमपणाचं चित्र मात्र बोटांच्या उंचीवर लावलेलं असतं.

कागद फ्यूजरमध्ये गुंडाळला जाणं हे नुसतं अडकणं नाही. बाहेरच्या बाजूला एक इवलीशी प्लास्टिकची पत्ती असते, कागद आला की ती उचलली जाते. ठरलेल्या वेळात ती उचलली गेली नाही, किंवा उचललेली खाली आली नाही, तर यंत्र मोटर आणि हीटर दोन्ही बंद करतं. तेही चुकलं तर तापमान फार वाढल्यावर थर्मोस्टॅट किंवा फ्यूज तुटतो. इतकी दुहेरी-तिहेरी काळजी का, तर याचा धडा या यंत्रांनी जन्मतःच घेतलाय. साध्या कागदावर प्रती काढणारं पहिलं यशस्वी यंत्र, झेरॉक्स ९१४, अमेरिकेत १९५९ मध्ये आलं. जवळपास तीनशे किलोंचं धूड. त्यात तापलेल्या भागाशी कागद अडकला की पेट घ्यायचा. कंपनी यंत्राबरोबर एक छोटं अग्निशामक देत असे आणि त्याचं नाव ठेवलं होतं ‘स्कॉर्च एलिमिनेटर’. आगीला आग म्हणायचं नाही, ही विक्रेत्यांची कला तेव्हापासूनची! ‘पत्ती सारखी अडकते’ म्हणून ती दोऱ्याने बांधून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांना यातलं काही माहीत नसतं. पत्ती अडकत नसते, तिच्या खाली फाटलेल्या कागदाचा कोपरा राहिलेला असतो.

म्हणून एक सवय सगळ्यांना सांगतो. कागद फाटून निघाला तर तुकडे काउंटरवर जुळवून बघा. चारही कोपरे जमले पाहिजेत. एक कोपरा कमी असेल तर तो आतच आहे, आणि ‘कागद नसतानाही जॅम दाखवतोय’ ही तक्रार त्याच्यापायीच होणार आहे. ओढायचा तो कागद जात होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, हळू. उलटा ओढला की फाटतो आणि न चिकटलेला टोनर सगळीकडे सांडतो. फ्यूजरमध्ये कर्कटक, ब्लेड, स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. रोलरवरच्या टेफ्लॉनला चरा पडला की प्रत्येक कागदावर ठरावीक अंतराने तोच डाग येत राहतो. आणि आधार कार्डासाठी मिळणाऱ्या, शाईच्या प्रिंटरसाठी केलेल्या प्लास्टिकच्या शीट लेझर यंत्रात घालणाऱ्यांना तर मी हात जोडतो. त्या वितळून रोलरला गुंडाळल्या जातात आणि मग नवा फ्यूजर घ्यावा लागतो.

कपड्यांबद्दल कुणी बोलत नाही. भारतात प्रिंटर विकायचा तर २०१२ च्या आदेशापासून भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची आहे. ज्या आंतरराष्ट्रीय मानकांवर अशा चाचण्या बेतलेल्या आहेत त्यांत एक ‘चाचणी बोट’ असतं: १२ मिलिमीटर जाडीचं, ८० मिलिमीटर लांबीचं, माणसाच्या बोटासारखं सांध्यांत वाकणारं. ते प्रत्येक फटीत घालून बघतात, फिरत्या किंवा विजेच्या भागाला टेकतं का म्हणून. उत्तम चाचणी आहे. कागद बारीक करणाऱ्या श्रेडरवर तर लहान मुलांच्या बोटांचा विचार करून वेगळी चाचणी असते आणि टाय, लांब केस, दागिने दूर ठेवा अशी चित्रंही असतात. टायचं चित्र आहे, पण आपल्या सेवा केंद्रात यंत्रापुढे वाकणाऱ्या बाईच्या अंगावर टाय नसतो, ओढणी असते, पदर असतो, गळ्यात मंगळसूत्र आणि हातात बांगड्या असतात. एका कार्यालयात मला बोलावलं तेव्हा ओढणीचं टोक बाहेरच्या रोलरमध्ये हातभर आत गेलेलं होतं आणि त्या ताई यंत्राशी वाकून अवघडून उभ्या होत्या. बाहेरच्या रोलरची पकड सहसा हलकी ठेवतात, ओढल्यावर सुटावं म्हणून. इथे झाकणाचा स्विच बांधलेला होता, त्यामुळे शेजारच्याने घाईने झाकण उघडलं तरी यंत्र थांबलं नाही. शेवटी कुणीतरी प्लग उपटला. ओढणी कापून काढली, ताईंना काही झालं नाही. कांडी मी खिशात घालून आणली.

आता शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्था आणि सेतू केंद्रं यंत्रं घेताना काय बघतात? मिनिटाला किती पानं, टोनर किती स्वस्त आणि सर्वांत कमी दर कुणाचा. दरपत्रकात कागदाच्या रस्त्याबद्दल एक ओळ नसते. माझी मागणी आहे की ती घालावी. अडकलेला कागद एका बाजूने, अवजाराशिवाय, तापलेल्या भागावर हात न टेकता काढता आला पाहिजे. जाड कागदासाठी सरळ रस्ता पाहिजे. कोकणासाठी यंत्र असेल तर कॅसेटमधला कागद कोरडा ठेवणारा हीटर पाहिजे. हा भाग अनेक मोठ्या यंत्रांना ऐच्छिक म्हणून मिळतो आणि दर खाली आणायला पहिला तोच वगळला जातो. विदर्भात त्याची गरज नसेल, तिथे मे महिन्यात कोरड्या हवेने कागद एकमेकांना विजेने चिकटतात, त्यांची अडचण वेगळी. आणि देखभालीच्या करारात स्विच तपासून सही करायचा एक रकाना ठेवावा. आम्ही कारागीर मंडळीही यात सुटत नाही. गिऱ्हाइकाला खूश करायला खाचेत पहिली कांडी घालून देणारे आमच्यातलेच काही असतात.

शेवटचं, आणि यासाठी पैसे पडत नाहीत. खरेदी समितीने यंत्र बघायला जावं तेव्हा विक्रेत्याच्या चकचकीत रंगीत पानांवर जाऊ नये. छापत असताना मध्येच झाकण उघडायला सांगावं. सगळं जागच्या जागी थांबलं पाहिजे. मग समितीतल्या सर्वांत कमी माहीतगार माणसाने, हातात काही न घेता, आतला कागद अख्खा बाहेर काढून दाखवावा. विक्रेत्याने बोलायचं नाही, फक्त बघायचं. कागद फाटला, किंवा त्या माणसाला हात कोपरापर्यंत आत घालावा लागला, तर पुढच्या यंत्राकडे वळावं.

आपला,
एक झेरॉक्स-प्रिंटर दुरुस्ती कारागीर,
चिपळूण, जि. रत्नागिरी